बर्फावरचा शंकरपट

रामदासपेठ, नागपूर
२० जानेवारी, मंगळवार

तीर्थरूप रुपराव मामा,

भाचीनं पायांवर डोकं ठेवलं आहे असं धरून चाला. प्रत्यक्ष येऊन ठेवलं असतं, पण तुम्ही पाय मागे घेतले तर पुढे काय करायचं ते सुचेना, म्हणून कागदावरूनच ठेवते. तुमचा घसा कसा आहे? ऑपरेशनच्या जागी अजून ओढ लागते का? मफलर गुंडाळता की नाही? (मामी गुंडाळून देत असणार आणि तिची पाठ वळली की तुम्ही काढून खुंटीला लावत असणार, हे मला नागपुरात बसून दिसतं.) कौसल्यामामीचा गुडघा काय म्हणतो? सरदार आणि पाखऱ्या चारा नीट खातात ना? पाखऱ्या थंडीत रुसतो, त्याला कोमट पाणी पाजत जा. हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे कमालच आहे, पण पत्रात प्रकृतीची चौकशी करायची असते, आणि बैलांची राहून गेली तर तुम्ही पत्र तिथंच बाजूला ठेवाल. मी ठीक आहे. जेवण वेळेवर, झोप कमी, केस कापले आहेत. नोकरी आहे. आणि मामा, जरा टेकून बसा, तीच नोकरी तीन महिन्यांपासून आहे.

(लिहिताना शाळेतली मराठी येते आणि मधेच घरची घुसते. शाळा दहावीपर्यंतच पुरली, तर तेवढीच येणार. चुका मोजू नका.)

दोन वर्षं झाली, तुम्ही मला एक ओळ लिहिली नाही. आवाज गेल्यापासून तुम्ही पाटीवर लिहून बोलता असं मामीनं फोनवर सांगितलं. पाटीवर सगळ्यांची नावं येतात, फक्त तुझं येत नाही वं, हेही तिनंच सांगितलं. बरोबरच आहे. बोरटेकच्या शंकरपटात बत्तीस वर्षं (बंदीची वर्षं सोडून) बैलजोड्या तुमच्या आवाजावर धावल्या. ज्या वर्षी तुम्ही ऑपरेशनच्या टेबलावर होतात, त्या वर्षी माइक मी धरायचा असं ठरलं होतं. मुलगी मंचावर कशी, म्हणून कमिटी कुरकुरत होती, तेव्हा त्यांच्यासमोर तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकला होता. आणि मी आदल्या दिवशी बस पकडून पळाले. मग कमिटीनं ऐन वेळी भंडाऱ्याहून डीजेवाला आणला, त्यानं मालकांची नावं एकाची दुसऱ्याला लावली, आणि मागे राहिलेल्या जोड्यांवर हसण्याचा आवाज वाजवला. तुम्ही हे सगळं दवाखान्याच्या खाटेवर फोन कानाला लावून ऐकलं. हे मला नंतर कळलं. या पत्रात मी माफी मागणार नाही. ती मागायला तोंड समोर लागतं. मी फक्त नोकरीची हकिकत सांगते. तुम्ही परत मला भाची म्हणाल की नाही, ते शेवटपर्यंत वाचून ठरवा. मधे ठरवू नका, कारण मधे मी बऱ्याच गाढवपणाच्या गोष्टी केल्या आहेत.

तर, मधल्या दोन वर्षांचं थोडक्यात. गोव्याला एका हॉटेलात टॉवेलांच्या घड्या घातल्या. तिथून परत येऊन बुटीबोरीला सूत कारखान्यात लागले. तिथलं काम म्हणजे एका जागी उभं राहून धागा तुटला की जोडायचा. अकरा दिवसांत धागा कमी आणि मीच जास्त तुटले. मग इतवारीत एका कापडवाल्याकडे. त्याच्या दुकानासमोर सेल लागला होता आणि ओरडणाऱ्या पोराचा घसा बसला, तेव्हा मी माइक घेतला. हातगाड्या, टेम्पो, बायका, सगळ्यांना पुरून उरेल असा आवाज काढायचा. चादरी मी अशा पुकारत होते की 'सोलापूरची, दुहेरी विणीची, वजनाला भारी, स्वभावाला शांत', आणि माणसं थांबून राहिली. त्यांत एक जाडे गृहस्थ होते, स्वेटर घातलेले, उशीचे अभ्रे घ्यायला आलेले. ते अभ्रे तिथंच विसरून म्हणाले, "बेटा, खेल का आँखों देखा हाल बोल लेगी क्या?" मी हो म्हटलं. मी आधी हो म्हणते, तुम्हाला माहीत आहे. मला वाटलं कबड्डी असेल.

ते ओमप्रकाशजी. रामदासपेठेत एका पॅथॉलॉजी लॅबच्या वर तिसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस आहे. परदेशातले खेळ तिकडून चित्रासकट येतात, आणि इथे आमच्यासारखी माणसं हिंदी, मराठी, जी पाहिजे त्या भाषेत बोलून आवाज परत पाठवतात. ऐकणारा मोबाइलवर भाषेचं बटन दाबतो. कंपनीला प्रत्येक भाषेचं एकेक बटन पाहिजे होतं, ते कोणी दाबतं की नाही हा पुढचा प्रश्न. आणि खेळ निघाला आइस हॉकी.

हॉकी म्हणजे आपल्या शाळेच्या मैदानातली नाही. एक मोठा बंद हॉल, त्यात घराच्या अंगणासारखा गुळगुळीत बर्फ, सभोवती काच. गड्यांच्या बुटांना खाली सुऱ्या. बुटपॉलिशच्या डबीएवढी काळी रबरी चकती असते, ती काठीनं मारत जाळ्यात घालायची. एकेका बाजूचे पाच गडी आणि जाळ्यापुढे एक जाडजूड गोलकीपर. आणि मामा, हे गडी पाऊण मिनिटातच दमतात! खेळ चालू असतानाच कठड्यावरून उडी मारून एक आत जातो, दुसरा बाहेर येतो. जोड्याच जोड्या. ही सगळी पगारी, धंदेवाईक माणसं, आणि तिकडे घराघरात लोक हा खेळ टीव्हीवर पाहतात, गाडी चालवताना त्याचं समालोचन रेडिओवर ऐकतात. तिकडे संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. म्हणजे मी सकाळी पोहेवाल्याच्याही आधी ऑफिसात. जिन्यात लॅबचे लोक उपाशीपोटी रक्त द्यायला बसलेले असतात. मी वर 'गोल' म्हणून किंचाळले की खाली नंबर येण्याआधीच दोघं-तिघं दचकून उठतात. (त्यांची साखर माझ्यामुळे जास्त निघत असेल का, हा विचार मला मधेमधे छळतो.)

माझ्याबरोबर सुशील बसतो. मास्तरांचा मुलगा, शांत, चष्म्याचा. आठ वर्षं हा खेळ कॉम्प्युटरवर खेळला, बर्फ मात्र फ्रीजच्या वरच्या खणापलीकडे कुठे पाहिला नाही. डावपेच तो समजावतो, पळापळ मी सांगायची. आम्ही दोघं एका खोक्यात बसतो, भिंतींना स्पंज लावलेला, कानात तिकडच्या गर्दीचा आवाज, समोर टीव्ही. मैदान आम्ही कधी पाहिलं नाही, पाहणारही नाही.

पहिल्या मॅचला मी तुमच्यासारखी सुरुवात केली. दुसरी मला येतच नाही. जोडी धावपट्टीवर आली की तुम्ही आधी मालकाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव, तालुका, मग बैलांची नावं, मग हाकणाऱ्या धुरकऱ्याचं नाव घेता, आणि ते पूर्ण झाल्याशिवाय झेंडी पडत नाही. झेंडीवाला तुमच्या तोंडाकडे पाहत उभा असतो. मीही आदली दुपार खर्ची घालून दोन्ही संघांच्या चाळीस गड्यांची गावं शोधून काढली. बापा, काय काय गावं! एकाचं गाव म्हणजे ऐंशी घरं, एक पेट्रोलपंप आणि धान्याची कोठारं. एकाच्या गावात शाळा नाही पण बर्फाचं मैदान आहे. एकाचा बाप दूध घालतो, चार वाजता उठून पोराला सरावाला न्यायचा. हे सगळं सांगायलाच पाहिजे, नाही का? तर मी सुरू केलं: "मैदानात येत आहेत लाल संघाचे ब्रॅडी मॅकस्वेन, वडील दूध उत्पादक, मुक्काम..." आणि पंचानं चकती टाकली, खेळ सुरू झाला. तिकडे झेंडी कोणी धरून ठेवलेली नव्हती. मी पहिल्याचं गाव सांगेपर्यंत तो बाहेर जाऊन बसला आणि दुसराच आत आला. मी त्याचं नाव धरलं, तोही गेला. तिसऱ्याचा जिल्हा सांगत होते तेव्हा निळ्या संघाचा गोल झाला. सुशीलनं मला कोपर मारून म्हटलं, "अवं गुंजन, गोल झाला ना! तू तालुका कायले सांगून राहिली?" आणि हे सगळं प्रसारित झालं.

पुढे कॅमेऱ्यानं प्रेक्षकांतली एक चिमुरडी दाखवली. निळी कानटोपी, गालांवर रंग, भोकाड पसरलेलं. तुमच्या मंचाशेजारी बसून मोठ्या झालेल्या माणसाच्या तोंडून काय निघणार? "निळी कानटोपी घातलेली एक लहान मुलगी रडत आहे, तिच्या आईवडिलांनी ताबडतोब मंचाजवळ यावे." मुलगी समुद्रापलीकडे होती मामा. आणि तिचा बाप तिच्या शेजारीच बसून पॉपकॉर्न खात होता, ते कॅमेऱ्यानं लगेच दाखवलं. मग दोन गड्यांनी हातमोजे फेकून एकमेकांच्या नाकावर गुद्दे घालायला सुरुवात केली. मी म्हटलं, कमिटीच्या लोकांनी कृपया मधे पडावं, धावपट्टी मोकळी करावी. कोणी मधे पडेना! पंच बाजूला उभे राहून पाहत होते, दोघं दमेपर्यंत. मग दोघांना पाच-पाच मिनिटं काचेच्या पेटीत बसवलं. (ही पेटी आपल्या गावात असती तर कमिटीचे अध्यक्ष गणपतराव निम्मं आयुष्य तिथंच बसले असते.)

पण खरी चूक शेवटी झाली. सहा-एक असा निकाल लागला. आता तुमचा नियम: मागे राहिलेल्या जोडीला 'हरली' म्हणायचं नाही. तिची वेळ सांगायची, मालकाचं नाव परत एकदा तेवढ्याच चढ्या आवाजात घ्यायचं, आणि पुढच्या जोडीला बोलवायचं. माणूस बैल घेऊन रात्रीपासून चालत आलेला असतो, त्याला परत जातानाही रस्ता तेवढाच असतो, असं तुम्ही म्हणायचे. तर मी लाल संघाच्या गड्यांची नावं एकेक करून घेतली, त्यांच्या गावांना आमचा नमस्कार सांगा म्हटलं, आणि मॅच संपवली. दहा मिनिटांनी एका ऐकणाऱ्याचा निरोप आला: "ताई, सगळं समजलं. जिंकलं कोण?"

त्या दिवशी आम्हाला अकरा जणांनी ऐकलं. त्यांतले चार ऑफिसातले. एक खाली लॅबमधला होता, त्याला बहुतेक तक्रार करायची होती.

कंपनीचं पत्र आलं. त्यांच्या कोण्या मराठी जाणकारानं ऐकून कळवलं होतं की समालोचक खेळापेक्षा पत्ते जास्त सांगते, हरवलेली मुलं शोधते, आणि निकाल लपवते. ओमप्रकाशजींनी मला समोर बसवलं. मला वाटलं आता जा म्हणतील, आणि खरं सांगते मामा, माझी पिशवी भरलेलीच होती. ती नेहमी भरलेलीच असते. ते म्हणाले, "बेटा, ये मैच है, बारात नहीं है। सबका नाम-गाँव पूछती बैठेगी तो गोल कौन देखेगा?" सुशील मधेच बोलला, "सर, टीव्हीवर जे दिसतं ते बोलायचंच नसतं. हिले कोणी सांगितलंच नाही. ही रेडिओवाली आहे." मग दोघं टीव्ही की रेडिओ यावरच भांडत बसले आणि माझं जाणं राहून गेलं.

त्यावर मी नंतर बराच विचार केला. सुशीलचं खरं होतं. टीव्हीवाल्यापुढे चित्र असतं, त्याला 'हा धावला, तो पडला' सांगणं म्हणजे जेवणाऱ्याला घास दाखवणं. तुम्ही मात्र नेहमी मंचापुढच्या लोकांना विसरून बोलायचे. मी एकदा विचारलं होतं, समोरचे तर पाहूनच राहिले, मग इतकं काहून बोलता? तुम्ही म्हणाले, जो मागे आहे त्याच्यासाठी. बैलगाडीच्या मागे चूल मांडून बसलेली बाई, झाडाआड लेकराला पाजणारी, पल्याडच्या टोकाला दोरी धरून उभा राहिलेला गडी, त्यांना पट दिसत नाही. त्यांना तुम्ही पट दाखवता. मी तेव्हा कणीस खात होते, पण ऐकलं होतं. आता या खेळात मागे कोण होतं? अकरातलं कोणीतरी असणार.

उपाय त्या खेळातच सापडला. तिकडे टीव्हीच्या जाहिरातींसाठी खेळ थांबवतात! वेळ मोजणाऱ्यांजवळ एक लाल दिवा लागतो आणि तो विझेपर्यंत पंचसुद्धा चकती टाकत नाही. हजारो माणसं गप्प, गडी घाम पुसत उभे, आणि काही जण फावडी घेऊन बर्फाचा भुगा ओढून नेतात. टीव्हीवर त्या वेळी मोटारीची नाहीतर औषधाची जाहिरात. मला ते पाहून पहिल्यांदा हसू आलं, मग नाही आलं. इतकी ताकदीची माणसं एका दिव्याकडे पाहत थांबलेली. ज्याच्यासाठी थांबलेत ते त्यांना दिसतही नाही. थांबायचं म्हणजे थांबायचं. मला हे आयुष्यात कधी जमलं नाही. मी बसची वाट पाहताना पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाते आणि मधेच बस निघून जाते.

तर, मराठी बटनाला जाहिरात द्यायला कोणी तयार नव्हतं. ती दीड-दोन मिनिटं आम्हाला नुसती फावडी दिसायची. ओमप्रकाशजी वैतागून म्हणाले, "ले, इसमें बोल ले तेरे गाँव!" झालं. मला झेंडीवाला मिळाला. खेळ चालू असताना मी खेळ सांगते, निकाल सांगते (जीभ चावून सांगते, पण सांगते), आणि दिवा लागला की तुमच्यासारखी बोलते. ऐंशी घरांचं गाव सांगते. दूधवाल्या बापाचं सांगते. दुसरा गोलकीपर, जो महिनोन् महिने टोपी घालून बाकावर बसतो आणि ज्याला कोणी आत बोलावत नाही, त्याचं पूर्ण नाव बापाच्या नावासकट घेते. एकदा फावडीवाल्यांतल्या एका पोरीचं नाव सापडलं, तर तिचंही घेतलं. सुशील आता गावं शोधायला मदत करतो, आणि मी चुकले तर मलाच रागावतो, "तो त्या गावचा नाही वं, त्याच्या आजोळचं आहे ते!"

अकराचे चाळीस झाले, मग दोनशे. कंपनीचं दुसरं पत्र आलं, त्यात बटन ठेवा असं होतं. मी ते पत्र वाचून जिन्यात येऊन बसले, रक्त देणाऱ्यांच्या रांगेत. एका आजोबांनी सरकून जागा दिली आणि विचारलं, तुमचाही रिपोर्ट आला का? मी म्हटलं, हो, चांगला आला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मागच्या आठवड्यात कॅनडाहून एक निरोप आला. चारुशीला म्हणून आहे, माहेरची हटवार, मांडवीची. तिकडे एका बेकरीत पाव भरण्याचं काम करते. संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाक करताना मोबाइल पिठाच्या डब्यावर उभा करून ठेवते. खेळ तिला समजत नाही, पाहतही नाही, पोळ्या लाटत असते. घरात मराठी आवाज असावा म्हणून बटन दाबते. तिनं लिहिलं की खेळ थांबल्यावर जे बोलता ते मी ओळखते. हे बोरटेकच्या रुपरावभाऊंचं बोलणं आहे. तिच्या वडिलांची, वामनराव हटवारांची जोडी एका वर्षी अर्ध्या धावपट्टीवर येऊन थांबली, आणि ढिम्म हलेना. सगळी गर्दी खिदळली. तिला आठवतं, वडिलांनी मान खाली घातली होती. मग भोंग्यातून तुमचा आवाज आला: "वामनराव हटवार, मुक्काम मांडवी. जोडी आज दमली आहे. पुढच्या वर्षी आम्ही वाट पाहू." तुम्हाला हे आठवतही नसेल, तुम्ही असं शंभरदा म्हटलं असेल. तिचे वडील पुढच्या वर्षी आले, त्याच्या पुढच्या वर्षीही आले. कधी नंबर लागला नाही. पण मरेपर्यंत घरात कोणाचं काही बिघडलं, परीक्षेत कोणी नापास झालं, की तुमचा आवाज काढून म्हणायचे, जोडी आज दमली आहे, पुढच्या वर्षी वाट पाहू.

शेवटी तिनं विचारलं: तुम्ही रुपरावभाऊंच्या कोण?

मी अजून उत्तर दिलेलं नाही. भाची लिहिलं तर पुढचा प्रश्न येणार, भाऊ कसे आहेत, आणि ते मला माहीत नाही. ज्या दवाखान्यात तुमचं ऑपरेशन झालं तो आमच्या ऑफिसपासून चार मिनिटांवर आहे. मी रोज त्याच्यासमोर चहा घेते. दोन वर्षं उशिरा.

तुम्हाला सगळ्यांनी सांगितलं असेल की गुंजनला गोव्याची नोकरी लागली म्हणून ती पळाली. नोकरी नंतर शोधली. त्या दिवशी सगळे जेवायला गेले होते, मी एकटी मंचावर चढले, माइक सुरू केला आणि नुसतं हॅलो म्हटलं. समोर रिकामी धावपट्टी. पल्याडच्या टेकडीवरून माझा आवाज परत आला. इतका बारीक, मामा! बत्तीस वर्षं त्या टेकडीवरून तुमचा आवाज परत यायचा. मला वाटलं, उद्या हा बारीक आवाज ऐकून लोक तुमच्याबद्दल विचारतील, आणि मला रडू येईल, आणि रडणारा माणूस मालकांची नावं कशी घेणार? तुम्ही वाचाल की नाही हेसुद्धा डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं नव्हतं. म्हणून बस. इथे स्पंजच्या खोक्यात आवाज परत येत नाही, म्हणून मला जमलं, असं मी समजत होते. पण चारुशीलाच्या निरोपानंतर तसं समजता येत नाही. तो परत आलाच की. कॅनडाहून आला. आणि बारीकच होता, तरी तिनं ओळखला तो तुमचाच.

बाकी सगळं क्षेम. मामीला नमस्कार. सरदार-पाखऱ्याच्या पाठीवरून हात फिरवा. काही मागायचं नाही, तुमची आठवण आली म्हणून लिहिलं.

तुमची (तुम्ही म्हणाल तर)
गुंजन

ता.क. पटाला यंदा किती जोड्या येणार, काही अंदाज? सहज विचारते.

ता.क. २. पाटणसावंगीकडून कोणी येत असेल तर मालकाच्या बापाचं नाव नीट विचारून ठेवायला सांगा कोणाला तरी. त्या वर्षी डीजेवाल्यानं चुकवलं होतं. हेही सहजच.

ता.क. ३. वर 'काही मागायचं नाही' लिहिलं ते खोटं आहे. गणपतरावांचा मला फोन आला होता. (मी केला होता, त्यांनी उचलला, म्हणजे आल्यासारखाच.) ते म्हणाले, "पोरी, रुपराव हो म्हणन तं सव्वीस तारखेचा माइक तुह्या हाती. नाई तं डीजेवाला ठरलाच आहे. पन त्या वक्ती तुनं त्याईचा शब्द बुडवला, आता त्याईले इचारासाठी मी जात नाई, तूच जाय." त्या दिवशी आमची मॅच नाही. ओमप्रकाशजींनी सुट्टी दिली आहे. सुशील म्हणतो मी येतो, वेळ मोजतो, त्याला बैल जवळून पाहायचे आहेत.

ता.क. ४ (पेन्सिलीनं; पहिल्या ओळी बसमधल्या, म्हणून अक्षर असं). बुधवार. पत्र पोस्टात टाकायला निघाले होते, पण पोस्टमन ते परवा देणार, आणि मला थांबता येत नाही हे वर लिहिलंच आहे. आता तुमच्या अंगणात उभी आहे. दाराच्या फटीतून हे सरकवते. तुम्हाला हाक मारता येत नाही आणि मला पाटीवर 'नाही' वाचायची हिंमत नाही, म्हणून असं करू: होय असेल तर आतून कडी काढा. नसेल तर काढू नका. मी पाच वाजेपर्यंत ओट्यावर बसते, मग शेवटच्या बसनं जाईन, आणि या वेळी तुम्हाला सांगून जाईन. मामी स्वयंपाकघरातून येत असेल तर तिला हातानं थांबवा. ती कडी काढेल ती मला जेवायला बोलवण्यासाठी, मी सकाळपासून उपाशी आहे, लगेच पाटावर बसेन, आणि मग मला कधीच कळणार नाही की कडी कोणी काढली होती.